न चढायची शिडी

चाळिशी उलटल्यावर माणसानं शिडीवर चढू नये, असं आमच्या घरातलं एकमत आहे. आकाशकंदील लावायची वेळ आली, की आमची सौभाग्यवती शिडी माझ्या हातून काढून घेते आणि पुतण्याच्या हाती देते. पण गेल्या वसुबारसेला त्याच पुतण्यानं मला एका निराळ्याच शिडीवर चढवलं.

हा मुलगा कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पेट्यांना हुकूम लिहून देतो. त्या पेटीला पीएलसी म्हणतात. ‘काका, हा लॅडर एडिटर,’ असं म्हणत त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. ‘एडिटर’ शब्दानंच माझ्या पोटात गोळा आला. आजवर भेटलेल्या एडिटरांनी माझ्या कादंबऱ्या सहा सहा महिने ठेवून घेऊन साभार परत केल्या आहेत. हा मात्र भलताच तत्पर! पायरी अर्धवट राहिली, की तिथल्या तिथे चूक दाखवून मोकळा.

पडद्यावर खरोखरच शिडी होती. दोन बाजूंना दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी आणि उजव्या टोकाला फळ. अटी पुऱ्या झाल्या, तर मोटार सुरू. पेटी आधी सगळ्या बटणांची स्थिती पाहते, मग वरच्या पायरीपासून खालपर्यंत उतरते, शेवटी हुकूम सोडते आणि पुन्हा आरंभ करते. ही फेरी सेकंदाच्या काही हजारांश भागांत होते. माझ्या वर्गातली हजेरीसुद्धा इतक्या लवकर होत नाही.

या शिडीचा जन्म अमेरिकेतला. 1968 साली जनरल मोटर्सच्या गिअर बनवणाऱ्या विभागाला रिलेंनी भरलेल्या कपाटांचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं, की सगळ्या तारा उपसून पुन्हा जोडायच्या! डिक मॉर्ली आणि त्याच्या सोबत्यांनी त्यावर जे यंत्र बनवलं, त्याचं नाव मॉडिकॉन 084. त्यांच्या कचेरीचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून हा आकडा. कारखान्यातल्या वायरमनला रिलेचे शिडीसारखे नकाशे वाचायची सवय होती, म्हणून हुकूमही त्याच रूपात लिहायचे ठरले. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेल्याकडे जावं, हे आम्ही मास्तर मंडळी नुसतं सांगतो. या लोकांनी ते करून दाखवलं.

मग मी स्वतः एक पायरी लिहायला बसलो. ‘चालू’चं बटण आणि पुढे मोटार. बटण दाबलं, रेघ हिरवी झाली, मोटार सुरू. बोट उचललं, मोटार बंद. पुतण्या हसला. ‘चालू’च्या खाली एक फाटा काढून त्यानं मोटारीचीच खूण तिथे ठेवली. आता एकदा सुरू झालेली मोटार स्वतःच स्वतःला धरून ठेवू लागली. राहिलं ‘बंद’चं बटण. मी म्हटलं, सोपं आहे. बटण दाबलं की वीज यावी आणि ती आली की मोटार थांबावी. तिरकी रेघ असलेली खूण मी तिथे बसवली, बटण दाबलं, मोटार थांबली. मी विजयी मुद्रेनं चहा मागवला.

‘आता समजा, या बटणाची तार तुटली,’ पुतण्या म्हणाला. त्यानं तार तुटल्याचं सोंग उभं केलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. पुन्हा दाबलं. मोटार फिरतच राहिली.

‘काका,’ तो हळूच म्हणाला, ‘बाबांच्या यंत्राला हेच झालं होतं.’

ओसरीवर दादा पणत्या पुसत बसला होता. 2003 साली कारखान्यातल्या रोलरनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. शेजारच्या गड्यानं ‘बंद’चं बटण दाबलं होतं. यंत्र थांबलं नाही.

पुतण्यानं माझी पायरी पुसली. ‘बंद’च्या बटणातून वीज सतत वाहती ठेवायची आणि बटण दाबलं की ती तुटायची, अशी नवी जोडणी त्यानं मांडली. आता तार तुटली, तरी वीज जाणार आणि मोटार थांबणार. ‘शिवाय आणीबाणीचं बटण नुसतं प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवत नाहीत,’ तो म्हणाला. ‘त्याची तार वेगळी, थेट वीज तोडणारी.’

म्हणजे पहा, ‘सगळं ठीक आहे’ हा निरोप सारखा येत राहिला पाहिजे. तो थांबला, की धोका समजायचा. माझ्या जोडणीत मात्र काहीच ऐकू येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असा हिशेब होता. मी चपापलो तो इथे. गेली वीसएक वर्षं दादाच्या बाबतीत माझा हाच हिशेब होता. अपघातानंतर तो त्याविषयी कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. बोलत नाही, म्हणजे विसरला असेल, असं मी धरून चाललो. कादंबऱ्यांतून परक्या माणसांची मनं उलगडणारा मी! तुटलेली तारही गप्पच असते, हे मला सुचलं नाही.

तेवढ्यात दादा आत आला. लेकाच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत त्यानं विचारलं, ‘तार तुटली, तर थांबतं ना रे?’

‘थांबतं, बाबा.’

‘बघू.’

पुतण्यानं तार तोडली. हिरवी रेघ विझली, मोटार थांबली. दादानं नुसती मान हलवली आणि तो पुन्हा पणत्यांकडे गेला.

मी उठून त्याच्याशेजारी जाऊन बसलो. एक पणती हातात घेतली आणि विचारलं, ‘दादा, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?’

तो बराच वेळ बोलत होता. आकाशकंदील त्या रात्री तसाच लावायचा राहिला.