तिकिटाविना लंडन

१२ मे २०२५, सोमवार

आज भुयारी रेल्वेत उतरलोच नाही, दिवसभर लाल बसनेच फिरलो. भाडं १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. दिवसभर बसनेच फिरलं तर ५.२५ पौंडांच्या वर जात नाहीत. मात्र माणशी वेगळं कार्ड हवं आणि दिवसभर तेच वापरायला हवं. रोख तर बसमध्ये २०१४ पासून बंदच आहे. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसायला मिळालं, तर आई हळूच म्हणाली, "इथे बसायचे जास्त घेत नाहीत ना रे?"

दुकानात यंत्र विचारतं, रुपयांत देणार की पौंडांत? पौंडांतच द्यावेत. रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात.

१३ मे, मंगळवार

ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हा प्रवेशमूल्य नव्हतं, आजही नाही. याचा खरा फायदा आत गेल्यावर कळला. पैसे मोजले असते तर वसूल करायला आईला दालनामागून दालनं चालवली असती. त्याऐवजी अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपुढे आम्ही निवांत बसलो. निघताना दानपेटीत मनापासून पैसे टाकले. काटकसर बसभाड्यात करावी, इथे करू नये.

संध्याकाळी सेंट पॉल्स. एरवी तिकीट वीस पौंडांहून जास्त, पण सायंप्रार्थनेला कुणीही जावं. तिकीट चुकवायचं म्हणून मात्र जाऊ नये. ती उपासना आहे. शेवटपर्यंत बसलो, मोबाइल खिशातच ठेवला.

१५ मे, गुरुवार

१०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. बघायला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस वाचायचं, जेवणाखाण्यात पै-पै वाचवायची, आणि प्रबंध लिहायचा तो रुपयाच्या प्रश्नावर! १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. आम्ही चार दिवस हात आखडून फिरतो त्याला काटकसर म्हणायची, तर त्या दिवसांना काय म्हणावं? आई खोल्याखोल्यांतून सावकाश फिरली, प्रत्येक फोटोखालचं वाचत. तिला घाई करावीशी वाटली नाही.

जवळच प्रिमरोझ हिल. टेकडीवरून सगळं शहर दिसतं. सोबतचे पराठे तिथेच खाल्ले.

उद्या शुक्रवार, म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं. इजिप्तचं दालन राहिलंय. दुपारी झोप काढून येईन, असं आईने आत्ताच सांगून ठेवलंय.