शेपटी दिसली, बस्स!

पट्टायाला जाऊन प्राणिसंग्रहालय बघून आले, असं ऑफिसात सांगितलं आणि आख्खं कॅन्टीन हसलं. 'पट्टायाला? आणि प्राणी?' त्यांचंही बरोबर आहे म्हणा. कंपनीच्या ट्रिपमध्ये एक अख्खा दिवस मोकळा मिळाला, तर माणूस समुद्रावर लोळतो, मसाज घेतो, स्वस्तातले टी-शर्ट घेतो. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांची आदल्या रात्रीची अजून उतरली नव्हती आणि उरलेले निम्मे मॉलमध्ये होते. राहिलो दोघं, मी आणि निखिल. निखिलला मू डेंगला भेटायचं होतं आणि मला एका अशा मांजराला, ज्याला कुणी भेटलेलं मुळी आवडतच नाही.

मू डेंग आठवतेय नं? १० जुलै २०२४ ला जन्मलेलं पिग्मी हिप्पोचं ते गुळगुळीत पिल्लू. पायाला चावणारी, तोंड वासून किंचाळणारी मू डेंग त्या वर्षी जगभरातल्या फोनमध्ये जाऊन बसली होती. तिचं घर म्हणजे पट्टायाहून गाडीने पाऊण-एक तासावरचं खाओ खियो ओपन झू. नाव ऐकून निखिलने 'काय खाओ?' हा विनोद केलाच. खाओ खियो म्हणजे हिरवा डोंगर. १९७८ मध्ये चोनबुरी प्रांतातल्या या हिरव्या डोंगराच्या कुशीत थायलंडने हे मोकळं प्राणिसंग्रहालय उभं केलं. इतकं पसरलेलं, की चालत बघायचं म्हटलं तर पायांचे तुकडे पडतील. म्हणून गोल्फ कार्ट भाड्याने घ्यायची आणि हरणांना वाट देत देत निघायचं.

मू डेंग आता काही तळहातावरचं बाळ राहिलेली नाही, पण तिच्यासमोरची गर्दी बघून तिच्या त्या पहिल्या दिवसांची कल्पना येते. २०२४ मध्ये इथे इतके लोक लोटले, की दर्शनासाठी पाच मिनिटांची मर्यादा घालावी लागली होती. झोपलेली मू डेंग हलावी म्हणून काहींनी तिच्यावर पाणी आणि शिंपले फेकले होते! निखिलने फोटो काढले, मी पाणी प्यायले आणि आम्ही कार्ट वळवली. मला हवं होतं ते क्लाउडेड लेपर्ड.

मेघ पांघरलेलं मांजर

थाई भाषेत त्याला 'सुआ लाय मेक' म्हणतात. सुआ म्हणजे वाघ, लाय म्हणजे नक्षी आणि मेक म्हणजे चक्क आपला मेघ. संस्कृतातून गेलेला शब्द तिथल्या जिभेवर जरा बदलला, एवढंच. अंगावर कडा गडद असलेले मोठे मोठे ढग, म्हणून हे नाव.

नावात लेपर्ड असलं, तरी हा आपल्या जुन्नरच्या उसातल्या बिबट्याचा भाऊ नव्हे. त्याचं कुळच वेगळं, निओफेलिस. वजन साधारण ११ ते २३ किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढं. शेपटी मात्र जवळजवळ अंगाइतकी लांब, कारण तोल सांभाळायची काठी तीच. मागच्या पायांचे घोटे असे फिरतात, की हा पठ्ठ्या खोडावरून डोकं खाली करून खारीसारखा उतरतो. मागच्या पायांवर फांदीला उलटा लटकतोसुद्धा. आणि सुळे! कवटीच्या मानाने बघितलं, तर आज जिवंत असलेल्या सगळ्या मार्जारांत सर्वांत लांब याचेच. वाघ-सिंहांसारखी डरकाळी मात्र त्याला फोडता येत नाही.

नेपाळपासून आपल्या ईशान्य भारतातून, म्यानमार-थायलंडमार्गे दक्षिण चीनपर्यंतच्या जंगलांत तो राहतो. मेघालयाचा तो राज्यप्राणी आहे. बोर्निओ आणि सुमात्रातली त्याची भावंडं ही वेगळी जात आहे, हे २००६ मध्ये जनुकांच्या तपासणीतून कळलं. तैवानमध्येही तो होता. २०१३ मध्ये, वर्षानुवर्षं कॅमेरे लावूनही काही मिळेना तेव्हा, तिथल्या संशोधकांनी 'आता तो उरला नाही' असं जाहीर केलं. जंगल तुटतंय, कातडीसाठी शिकार होतेय. म्हणून मग प्राणिसंग्रहालयात तरी त्याचा वंश राखून ठेवू, असं ठरलं.

आणि इथेच खरी गोची झाली.

स्थळ आलं, पण...

प्राणिसंग्रहालयात जोडी जमवायची म्हणजे आपल्याला वाटतं, एक नर आणा, एक मादी आणा, झालं. क्लाउडेड लेपर्डच्या बाबतीत हे स्थळ बऱ्याचदा जिवावर बेतलं. वयात आलेले नर-मादी एकत्र सोडले, की नर मादीवर हल्ला करायचा. ते सुळे लक्षात आहेत नं? कित्येक माद्या अशा पहिल्याच 'भेटीत' गेल्या. वाचल्या, तरी पिल्लं होतीलच असं नाही. आणि झालीच, तर बिथरलेली आई स्वतःचीच पिल्लं मारण्याची भीती.

उपाय सापडला, तो ऐकून निखिल कार्ट चालवता चालवता थांबला. 'म्हणजे बालविवाह?' हो, जवळपास तसंच! पिल्लं वर्षाची व्हायच्या आत जोडीदाराबरोबर ठेवायची. एकत्र खेळत, मारामारी करत मोठी झाली, की पुढे नराला ती परकी वाटत नाही. २००२ पासून खाओ खियोमध्ये अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था आणि नॅशव्हिल, पॉइंट डिफायन्स ही झू थाई लोकांबरोबर याच कामाला लागली. पिल्लं आईपासून वेगळी काढून माणसांनी बाटलीवर वाढवायची, म्हणजे ती शांत राहतात आणि लहानपणीच जोड्या लावता येतात. थायलंडमध्ये जन्मलेली अशीच एक जोडी स्मिथसोनियनकडे गेली आणि मार्च २००९ मध्ये तिला दोन पिल्लं झाली. त्या संस्थेत तब्बल १६ वर्षांनी पाळणा हलला होता.

लग्नच नको, असाही एक रस्ता आहे. कृत्रिम रेतन. १९९२ मध्ये जोगेल हॉवर्ड या शास्त्रज्ञ बाईंनी ते नॅशव्हिलमध्ये पहिल्यांदा जमवलं. मग वर्षानुवर्षं अपयश. २०१५ मध्ये इथे, खाओ खियोत, पुन्हा जमलं आणि दोन नर पिल्लं झाली. १ मार्च २०१७ ला नॅशव्हिलमध्ये तर गोठवलेल्या वीर्यापासून पिल्लू जन्मलं. त्याचा बाप वॉशिंग्टनच्या झूमध्ये होता. म्हणजे दोघांची गाठही न पडता संसार!

पण यात एक बोचणारी गोष्ट आहेच. बाटलीवर वाढलेल्या पिल्लाला शिकार कोण शिकवणार? जंगल कोण दाखवणार? वंश टिकतो, पण त्याच्यातला रानटीपणा आपण थोडा थोडा काढून घेत असतो. ही किंमत कमी करायची, तर पिंजऱ्यातलं त्याचं जगणं तरी त्याला सोसेल असं हवं.

उंची द्या, गर्दी आवरा

ते कसं, हे २००२ च्या एका अभ्यासाने सांगितलं. उत्तर अमेरिकेतल्या १२ झूंमधल्या ७२ क्लाउडेड लेपर्डची विष्ठा तपासली गेली. किळस येऊ देऊ नका, कारण ताणाचं हॉर्मोन त्यात उतरतं आणि प्राण्याला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. ज्यांचा ताण जास्त, ते येरझाऱ्या घालत होते, लपून बसत होते, स्वतःचेच केस उपटत होते.

मग ताण कशाने कमी? पिंजरा उंच असला तर. ऐसपैस जमीन असून याला फारसा उपयोग नाही. त्याचं घर वर आहे, फांदीवर. ताण कशाने जास्त? लोकांसमोर ठेवलं तर. शेजारी वाघ-बिबट्यासारखे शिकारी दिसत असले तर. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, सांभाळणारे जास्त असले, तर ताण वाढतो, पण त्यांनी दिलेला वेळ जास्त असला, तर कमी होतो. म्हणजे रोज नवीन चेहरा नको. एकच ओळखीचा माणूस, पण भरपूर वेळ. काचेच्या केबिनशेजारी, रस्त्यात डेस्क असलेल्या आणि वर्षात तीन मॅनेजर बदललेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही!

हे सगळं मी निखिलला अगदी एक्स्पर्टच्या थाटात सांगितलं. आणि मग आम्ही जाळीसमोर येऊन उभे राहिलो.

शिट्टी

जाळी, फांद्या, पानं. बाकी काही नाही. एक कुटुंब आलं, डोकावलं, 'रिकामा आहे' अशा अर्थाचं काहीतरी बोललं आणि गेलं. दुसरं आलं. गेलं. दहा मिनिटं झाली. वर एका जाड फांदीच्या दुबेळक्यात पानांमागे काहीतरी फिकट, करड्या रंगाचं होतं. तो असेल? सावली असेल? इतक्या लांबून उडून आले होते मी. उद्या सकाळची फ्लाइट होती. आयुष्यात पुन्हा कधी येणार?

मी शिट्टी वाजवली. हो, मीच.

करड्या रंगातून एक डोकं वर आलं. गोल कान, बशीसारखे डोळे. एक सेकंद त्याने थेट माझ्याकडे बघितलं, मग अंग आक्रसलं आणि खोडामागे दिसेनासं झालं. फोटोसुद्धा नाही.

निखिल काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, 'तूच सांगत होतीस नं आत्ता...'

शिंपले फेकणाऱ्यांना तासाभरापूर्वी मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यांनी शिंपला फेकला, मी आवाज. 'मी एवढ्या लांबून आलेय, तर तू दिसलंच पाहिजेस,' हा हट्ट दोघांचाही सारखाच. मला सगळं माहीत होतं, आकड्यांसकट. हात तरीही तोंडाशी गेलाच.

फोन बॅगेत टाकला. समोरचा कठडा सोडून आम्ही मागे, झाडाखाली जाऊन बसलो. बोलायचं नाही, असं ठरलं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा आम्ही दोघं इतका वेळ गप्प बसलेलो नाही. दहा मिनिटं. वीस. पोटात कावळे ओरडायला लागले. चाळीस मिनिटांनी, कधीतरी, त्या फांदीवरून काहीतरी हळूच खाली सरकलं. जाड, लांब, केसाळ, गडद वेढ्यांची शेपटी. एकदा हलली आणि मग सैल सोडलेल्या दोरासारखी लटकत राहिली.

तो झोपला होता. आम्ही समोर असताना.

'दिसला की,' निखिल कुजबुजला. तेवढंच बघून आम्ही उठलो.

जाणार असाल तर...

– खाओ खियो बँकॉकहून गाडीने साधारण दोन तास, पट्टायाहून त्याच्या निम्मं. सकाळी उघडता उघडता पोचा. ऊन कमी, गर्दी कमी.

– क्लाउडेड लेपर्डसाठी तासभर राखून ठेवा. फ्लॅश नको, टाळ्या नकोत आणि शिट्टी... कळलं नं?

– इतकं लांब कशाला? दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणी उद्यान आणि त्रिपुरातलं सिपाहीजला इथेही हा मेघवाला आहे. सिपाहीजलाला तर २००७ पासून त्याच्याच नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे.

– आणि नाहीच दिसला, तर हळहळू नका. लपायला जागा मिळालीय, म्हणजे त्याची नीट काळजी घेतली जातेय.