अर्थिंग

आमच्या खटाव तालुक्यात मिलिटरी म्हणजे पायदळ. घरटी एक तरी माणूस पलटणीत. 1974 साली मी नेव्हीत निघालो तेव्हा आजी म्हणाली, "पाण्यात कसली रं लढाई करत्यात?" तिचं काय चुकलं? आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि थोरला दादा, दोघांनी शाळा बुडवून खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो भरती झाल्यावरच.

विजेचं शिक्षण जामनगरच्या वलसुरात झालं. गावात तेव्हा वीज वेशीपर्यंत आली होती, आमच्या घरात चिमणीच होती. पुढं पाणबुडीवर गेलो. आणि रशियाकडून अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी भाड्यानं घ्यायचं ठरलं तेव्हा निवडलेल्या माणसांत माझं नाव लागलं. व्लादिवोस्तोकला रवानगी झाली. घरी पत्रात एवढंच लिहिलं, "ट्रेनिंगला बाहेर आहे, थंडी फार आहे." आबा बिचारे चावडीवर सांगायचे, पोरगं दिल्लीकडं असंल.

लोकांना वाटतं अणूतून सरळ वीजच निघते. तसं नसतं. सगळा खटाटोप पाणी तापवण्याचा. अणुभट्टीच्या उष्णतेनं वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. आमच्या आईच्या चुलीवरचं आधणच ते, फक्त चूल वेगळी. पण एक गोष्ट रशियन मास्तरांनी डोक्यात पक्की बसवली. ही चूल विझवली तरी विझत नाही. भट्टी बंद केली त्या क्षणालाही तिच्यात पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, मग हळूहळू उतरते. राख वर दिसते, खाली विस्तव. तोवर थंड पाणी फिरत राहिलं पाहिजे आणि त्यासाठी पंपाला वीज पाहिजे. म्हणून तिथं इलेक्ट्रिशियनला झोप नसते. छातीवर किरणं मोजायचा बिल्ला लावून आम्ही स्विचबोर्डासमोर उभे राहायचो. 1988 च्या फेब्रुवारीत ती 'चक्र' विशाखापट्टणमला आली, तीन वर्षं राहिली, 1991 च्या सुरुवातीला परत गेली. त्या दिवसांबद्दल यापेक्षा जास्त मी घरातसुद्धा बोललो नाही.

मग मला शिकवायला पाठवलं, पुन्हा वलसुरालाच. मला ते काम मनापासून आवडलं. खेड्यातली पोरं यायची, बिहारची, केरळची, आपल्याकडची. पहिल्या दिवशी मी एकच धडा द्यायचो. ब्रेकर पाडा. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याच्या नाही. लाल पाटी अडकवा. मग टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो चांगला आहे का बघा, मग बंद लाइन तपासा, मग पुन्हा टेस्टर चालू लाइनवर. मधल्या मध्ये टेस्टरच मेला असला तर तो तुम्हाला खोटं सांगणार. पोरं कंटाळायची. मी पुन्हा करून घ्यायचो.

एका दिवाळीला रजेवर आलो होतो. विहिरीवर गेलो तर स्टार्टरची पेटी बाभळीच्या खांबाला तारेनं बांधलेली, फ्यूजच्या जागी जाडजूड तांब्याची तार, आणि अर्थिंगचा पत्ताच नाही. म्हणालो, "दादा, हे धोक्याचं आहे. अर्थिंग करून घे."

"आरं, पायात चप्पल असली म्हंजे काय हुतंय? आन् लाइट येती रातीची. तवा काय काय बघू?"

खड्डा घ्यायला अर्धा दिवस पुरला असता. कोळसा, मीठ, पाइप, तार. सगळं वडूजच्या बाजारात मिळत होतं. पण दुसऱ्या दिवशी एक लग्न ठरवायची बैठक होती, तिसऱ्या दिवशी माझी गाडी. पुढच्या रजेला करू म्हटलं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. पेटी भिजली, पत्र्यात करंट उतरला. रात्री लाइट आली म्हणून दादा उन्हाळी भुईमुगाला पाणी धरायला गेला. चपला बांधावर काढलेल्या सापडल्या. चिखलाच्या रानात चप्पल घालून कोण जातं? तार मला जामनगरला दुसऱ्या दिवशी मिळाली. मी पोचेपर्यंत सावडणंही झालं होतं.

वहिनी एकदाच म्हणाली, "भावजी, तुम्ही तर शिकवता म्हणं हे." रागानं नव्हती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

1998 ला पेन्शन घेऊन गावी आलो आणि पहिला खड्डा आमच्याच विहिरीवर घेतला. मग शेजाऱ्याच्या, मग खालच्या आळीला. मी पहार घेऊन निघालो की पोरं ओरडायची, "आलं आलं, अणुबाँब पुरायला आलं!" काही घरी चहासुद्धा मिळाला नाही. एकानं तर तार उपटून मेंढराच्या वाघरीला वापरली. त्याच्याकडं मी पुन्हा गेलो.

खड्ड्याची माती ओली नसली तर अर्थिंग काम करत नाही. आणि आमच्याकडं चैत्र लागला की माती फुफाटा होते. वहिनी आता सत्तरीच्या पुढं गेली आहे. टँकरच्या पाण्यातून ती भांडी घासते, ते खरकटं पाणी एका डब्यात साठवते आणि संध्याकाळी काठी टेकत विहिरीवर जाऊन त्या खड्ड्यात ओतते. मी न्यायला गेलो तर डबा देत नाही.