दोऱ्याचा चेंडू

आमच्या लहानपणी नगरच्या भिंगारमध्ये गोल्फ हा खेळ नव्हता, तो साहेबांचा उद्योग होता. छावणीच्या तारेपलीकडे साहेब एक चेंडू मारत, त्याच्या मागे चालत जात आणि पुन्हा मारत. परत शोधायचाच असेल तर एवढ्या लांब मारतात कशाला, हा आमच्या गल्लीचा रास्त सवाल होता. आम्हाला रस होता तो हरवलेल्या चेंडूत. गवत वाळलं की बाभळीच्या बुडाशी एखादा सापडे. धड असला तर साहेबांच्या काठ्या वाहणारा एखादा कॅडी आठ आणे देई. चिरलेला असला तर तो आमचा.

मग सोहळा. सायकलवाल्याकडून करवतीचं पातं मागून आणायचं, चेंडू उंबऱ्यावर दाबून धरायचा आणि पांढरं कवच कापायचं. आत रबराचा दोरा, करकचून ताणून गुंडाळलेला. एक पदर तुटला की चेंडू जिवंत झाल्यासारखा तडतडत सुटू लागे. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने पळायचं. गल्ली संपे, दोरा संपत नसे. शेवटी गाभ्यात द्रव भरलेली इवलीशी गोळी. तिच्यात ॲसिड असतं, डोळे जातात, अशी पक्की बातमी होती. तरी ती कुणी फोडली नाही, असं नाही.

आता चेंडूत दोरा नसतो. तो युरोपच्या गोल्फ हंगामातच कसा तुटू लागला, हे मला फार उशिरा कळलं. मे 2000 मध्ये हॅम्बुर्गजवळच्या स्पर्धेत टायगर वूड्सने दोऱ्याचा चेंडू सोडून पहिल्यांदा भरीव गाभ्याचा चेंडू घेतला. तिथे जिंकला ली वेस्टवूड, पण पुढच्याच महिन्यात टायगरने यूएस ओपन 15 फटक्यांनी मारली आणि मग कुणी मागे पाहिलं नाही. वर्ष-दोन वर्षांत मोठ्या स्पर्धांतून दोरा गेला. खरं सांगायचं तर नवा चेंडू सरस आहे. लांब जातो, टिकतो. जुन्याला एक फटका वाकडा बसला की गाल फाटायचा. आमचं सगळं सुख त्या फाटक्या गालावर चाललेलं होतं, हे कबूल करायला हवं.

चेंडूसारख्याच त्या युरोपच्या हंगामाच्या बातम्याही आम्हाला उरल्यासुरल्या मिळत. सलूनमध्ये इंग्रजी पेपर यायचा. क्रिकेट मोठी माणसं वाचत, आमच्या वाट्याला तळाची बारीक अक्षरं. तिथे स्पॅनिश गडी सापडला. स्पेलिंगवरून आम्ही त्याला ‘शेव’ म्हणत असू. 1984 च्या जुलैत सेंट अँड्र्यूजला मूठ नाचवणारा सेव्हे बायेस्तेरोस पेपरात छापून आला, तेव्हा तिकडे उन्हाळा होता आणि नगरला पाऊस नेहमीप्रमाणे हुलकावणी देत होता. हा गडी शेतकऱ्याच्या घरचा, कॅडीचं काम केलेला, समुद्राच्या वाळूत एकाच काठीने, तीन नंबरच्या आयर्नने शिकलेला. आम्ही मोडक्या हॉकी स्टिकने तेच करून पाहिलं. वाळू तेवढी नव्हती, मुरूम होता.

आज फोनवर प्रत्येक फटका दिसतो, पण हंगाम कुठला ते कळत नाही. पूर्वी तो वसंतात उघडे आणि तिकडे थंडी पडली की मिटे. 2022 पासून युरोपीय टूरचं नाव डीपी वर्ल्ड टूर झालं. हंगाम नोव्हेंबरात दुबईत संपतो आणि त्याच महिन्यात पुढचा सुरू होतो, तोही युरोपाबाहेर. मे महिन्यातली वेंटवर्थची स्पर्धा 2019 पासून सप्टेंबरात गेली, म्हणजे आखाडाची जत्रा दिवाळीत भरवल्यासारखंच. इंडियन ओपनमुळे युरोप गुरुग्रामला येतो. झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलं की नगरकरांना युरोप जवळ.

यावर कुरकुर करावी तर तोंड उघडत नाही, कारण आमच्या त्या सुंदर हंगामात आपलं माणूस नव्हतं. मिल्खासिंगांचा मुलगा जीव 2006 मध्ये वाल्देरामाची स्पर्धा जिंकला तेव्हा आम्ही चाळिशीकडे झुकलो होतो. केबलवर पाहायला बसलो, तर गल्लीत कुणाला ‘पार’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पुढे आलेल्या आपल्या खेळाडूंपैकी पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरचा मुलगा, शुभंकर शर्मा लष्करी अधिकाऱ्याचा. दोघंही तारेच्या आतले. कोलकात्याचा एसएसपी चौरासिया मात्र मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. 2008 मध्ये त्याने दिल्लीत युरोपीय टूरची स्पर्धा जिंकली. आमच्याबरोबर चेंडू शोधणाऱ्यांत एकाचा हात फार सरळ होता. तो पुढे रिक्षा चालवू लागला. जुन्या दिवसांविषयी गळा काढताना मला तो आठवतो आणि गळा जरा आवरावा लागतो.

गेल्या थंडीत शेजारच्या मुलाला एक चेंडू सापडला. मी उत्साहाने पातं काढलं, त्याने ग्राइंडर आणला. चार सेकंदांत दोन तुकडे. आत गुळगुळीत रंगीत रबर, बुंदी नसलेला लाडू.

“काका, यात काय बघायचं होतं?”

मी त्याला गल्लीचं टोक दाखवलं. तो तिकडे बघत राहिला. तिथे एक स्कूटर उभी होती.