मिस्त्रींचं देणं

नाशकात लेथचं नाव काढलं की माणसं सातपूर-अंबडकडे बोट दाखवतात. तिथला लेथ लोखंड कातणारा. मला हवा होता लाकडाचा, तोही फ्लॅटच्या बाल्कनीत मावेल आणि काम झालं की उचलून बाजूला ठेवता येईल असा. निवृत्त मास्तराच्या हिशेबात वीस हजारांपलीकडे जायची सोय नव्हती. आता घरी येणारे लेथ बघून "काय छान निवडलात हो" म्हणतात, तेव्हा मी जुन्या नाशकातल्या एका कातारी मिस्त्रींचं नाव सांगतो. इथे ते लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडणार नाही.

मिस्त्री लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब कातत. त्यांच्या वडिलांच्या काळी हे काम जमिनीवर बसून चाले. दोन खुंटांच्या टोकांत लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकाने दोरी मागेपुढे ओढायची आणि दुसऱ्याने हाताने नि पायाच्या अंगठ्याने पटाशी आवळून धरायची. लाकूड एकदा सुलट फिरे, एकदा उलट. धार लागे ती सुलट फेऱ्यात, उलट फेरा फुकट. "सगळा संच एका झोळीत मावायचा. तुमचं ते पोर्टेबल की काय म्हणता ना सर, ते आमच्याकडे कधीच होतं."

मी मोबाइलवर तीन-चार यंत्रांचे फोटो घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आधी विचारलं ते कातायचंय काय. लाटणं, भोवरे, छोट्या वाट्या, डब्या, मी म्हणालो. आणि हिला पोळपाट हवाय. पोळपाट तिथल्या तिथे बाद झाला. तो नऊ-दहा इंचांचा. बेडपासून सेंटरची उंची चार इंच असेल तर आठ इंचांपुढचं लाकूड फिरणारच नाही. पोळपाटासाठी मोठं यंत्र घ्यायचं, तर ते बाल्कनीत कसं बसवणार? "वहिनींना पोळपाट मी देतो," म्हणाले, आणि दिलाही, सागाचा. लाटण्यासाठी मात्र दोन सेंटरांत सोळा इंच तरी जागा हवी, यावर ते अडून बसले.

सगळ्यात स्वस्त होतं ते अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरचं, छोट्या डीसी मोटरचं खेळणं. मणी नि पेनं कातायला ठीक, पण बाभळीला पटाशी टेकवली की मोटर थांबणार. दुसरं अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये चॅनल वेल्ड करून बनवलेलं, प्लमर ब्लॉकचं बेअरिंग आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. ताकद भरपूर, पण उचलायला चार माणसं. तिसरा एका हौशी माणसाचा जुना, ओतीव बिडाचा छोटा लेथ. दोघांनी उचलावा लागतो, तरी मिस्त्रींचं मन त्याच्यावर बसलं. हलकं यंत्र उचलायला सोपं, पण ओबडधोबड लाकूड लावलं की तेच टेबलावर चालायला लागतं.

तो बघायला ते माझ्याबरोबर आले, दुकान बंद करून. त्या दिवसाचा धंदा बुडाला, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिथे त्यांनी मागचं सेंटर सरकवून पुढच्याच्या टोकाला आणलं. टोकाला टोक भिडलं. मग स्पिंडल मुठीत धरून वर-खाली हलवून पाहिला. फेसप्लेट काढून आटे पाहिले, कारण आटे वेगळेच निघाले तर पुढे चार जबड्यांचा चक मिळत नाही. शेवटी मोटर सुरू करून खिशातलं पाच रुपयांचं जाड नाणं बेडवर कडेवर उभं केलं. ते थरथरलं, पण पडलं नाही. विकणारा बिचारा नाण्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात मिस्त्रींनी पट्टा झिजल्याचं दाखवून दीड हजार कमी करून घेतले.

ते पैसे मला खिशात घालू दिले नाहीत. त्यातून ग्राइंडर. "नाहीतर दर रविवारी धार लावायला येऊन माझं डोकं खाल." पटाशा हायस्पीड स्टीलच्याच घ्यायच्या हेही त्यांचंच. स्वतः ते आयुष्यभर जुनी कानस घासून हत्यार करत आले. पण कानशीचं पोलाद ठिसूळ, झटका बसला की तुकडा उडतो. त्यांच्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे.

वेगाचं गणित त्यांना पुस्तकी येत नव्हतं. पुस्तकं सांगतात, लाकडाचा व्यास इंचांत घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावं, आकडा सहा ते नऊ हजारांत राहावा. म्हणजे दोन इंचांच्या लाटण्याला तीन हजारांपासून पुढे, आठ इंचांच्या वाटीला हजाराच्या आसपास. मी ते कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला सारला, लाकूड लावलं, पट्टा मोठ्या पुलीवर टाकला आणि म्हणाले, "आधी हळू. गोल झालं की मग तुमचे आकडे." मग माझी मनगटं धरून पटाशीची पाठ फिरत्या लाकडावर टेकवली. नुसती पाठ, कापत काहीच नाही. हळूहळू मूठ वर उचलायला लावली. एका क्षणी धार लागली आणि काळ्या कुड्याची पांढरी, सलग साल रिबिनीसारखी माझ्या कोपरापर्यंत आली. चन्नपट्टणची खेळणी याच लाकडाची. सावंतवाडीकरांचा पांगारा याहून हलका. तो मिस्त्रींना आवडत नाही, पण तो त्यांचा हट्ट.

एवढं सगळं करून शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. माझ्यासारखं गिऱ्हाईक हातचं घालवून मला कातायला शिकवण्यात त्यांचा काय फायदा होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

हल्ली मोतीबिंदूमुळे त्यांनी काम थांबवलंय. रवी नाहीतर पाळण्याचा खूर हवा असलेलं गिऱ्हाईक आलं की माझा नंबर देतात. मी कातून देतो आणि पैसे नेऊन त्यांच्या हातात ठेवतो. मोजून झाले की ओरडतात, "एवढ्यात रवी दिलीत? अहो सर, लाकूड तरी सुटलं का? उद्यापासून भाव मला विचारून सांगायचा."