आधी गवत

मुंबई आणि नवी मुंबईच्या इमारतींना लागलेली खडी मोठ्या प्रमाणात पारसिकच्या रांगेतून, पनवेल-उरणच्या डोंगरांतून आली. विमानतळासाठी तर उलव्याचा डोंगरच कापला गेला. दगडखाण बंद झाली की पुढे काय, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. बाहेरून लाल माती आणायची, शेणखत घालायचं आणि गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची. तीन वर्षांत सगळं हिरवं दिसतं, बिल निघतं. अशा जागांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ही सुपीकतेची हौसच मुख्य अडचण वाटते. वनस्पतींची विविधता हवी असेल, तर खाणीचा तळ बराचसा नापीकच ठेवावा आणि सुरुवात गवतापासून करावी.

हे ऐकायला उफराटं वाटतं, पण कास पठार पाहा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर कातळावर जेमतेम मातीचा थर आहे. नत्र इतकं कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांना किडे पकडून ते मिळवावं लागतं. त्या कंगालपणामुळेच तिथं कुणा एका जातीची दादागिरी चालत नाही. इंग्लंडमधल्या बार्नॅक इथं मध्ययुगीन दगडखाणीच्या खड्ड्या-उंचवट्यांवर आज ऑर्किडं फुलतात, तीही पातळ, निकस चुनखडी मातीत. याउलट खत घातलेल्या जागी पहिल्याच पावसात रानमोडी आणि टणटणी उसळतात, आणि त्यांच्या सावलीत तेरडा, सोनकी, रानहळद यांना डोकं वर काढता येत नाही. पनवेलला चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडं. बेसॉल्टचा उघडा तळ मे महिन्यात तव्यासारखा तापतो. हे सोसायची सवय कुसळी, शेडा या गवतांना आहे, नर्सरीतल्या कोवळ्या रोपाला नाही. कुसळीच्या बियांचं कुसळ तर ओल लागताच पीळ सोडत फिरतं आणि बी जमिनीत रुजवतं. हे बी काही महिने सुप्त राहतं, म्हणून दिवाळीनंतर शेजारच्या डोंगरावरून बियांसकट कापलेलं गवत ठेवून द्यावं आणि पावसाच्या तोंडावर पसरावं. त्याआधी डंपरनी ठोकून घट्ट केलेला तळ पोकलेनने उखडायचा, पण सपाट करायचा नाही. खळगे, दगडांचे ढीग, पाणी साचणारे कोपरे जितके जास्त, तितक्या तऱ्हांच्या वनस्पतींना ठाव मिळतो. उभ्या कड्याला तर हातही लावू नये. फटीतले पिंपळ-उंबर पाखरं लावतात, आणि कर्नाळ्याचं जंगल जवळ असताना बियांची वानवा नाही.

यावर जाणकार गुमगावचं उदाहरण देतील. नागपूर जिल्ह्यातल्या तिथल्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची मळी, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून झाडं उभी केली. ते काम मोलाचंच आहे. पण तिथली अडचण वेगळी होती. उतरणीचा सुटा, सेंद्रिय अंश नसलेला ढीग पावसात वाहून जायचा, आणि तो थोपवायला भराभर वाढणारी मुळं लागतात. पनवेलच्या खाणीतही ढासळती मुरमाची उतरण असेल, तर तेवढ्यापुरतं खत घालावं. पुढे पांगारा, सावर, मोई लावाल त्या खड्ड्यांतही घालावं. कातळाच्या सपाट तळाला तोच उपाय लावणं म्हणजे निदान न करता औषध देणं.

दुसरा आक्षेप सरकारी मोजपट्टीचा: गवताची झाडं कशी मोजणार? पण सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणपट्ट्यांच्या अटींत खाणीनंतर पुन्हा गवत उगवण्याची, जमीन चारा आणि वनस्पती-प्राणी यांच्या वाढीला योग्य करण्याची अट घालायला सांगितलं होतं. तेव्हा रोपांऐवजी चौरस मीटरमधल्या जाती मोजायला हरकत नसावी. वणव्याचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. वाळलेलं गवत उन्हाळ्यात पेटतंच, आणि नुसत्या जाळपट्ट्यांनी ते थांबत नाही. म्हणून बी झडल्यावर, थंडी उतरायच्या आत, गवत कापून न्यायला शेजारच्या गावाला हक्क द्यावा. चाऱ्याला गिऱ्हाईक आहे. दरवर्षी कापून नेलेल्या गवतासोबत जमिनीतलं नत्रही थोडं बाहेर जातं, तळ निकस राहतो. त्यासाठी खाण हिरवी करण्याचं कंत्राट तीन वर्षांचं नको, निदान दहा वर्षांचं हवं, आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांना बंदी.