केशिनीचं कूळ

नळ-दमयंतीची गोष्ट सांगताना आजीचा जीव दमयंतीच्या मावशीत अडकलेला असायचा. नळानं रानात टाकलेली दमयंती भटकत चेदीच्या राजवाड्यात पोचते, तिथं सैरंध्री होऊन राहते. तिथली राजमाता तिची सख्खी मावशी. "मावशीच्या घरी पोर राबते अन् मावशीले पत्ता नाही," म्हणून आजी हळहळायची. मग सुदेव ब्राह्मण तिला भुवयांमधल्या तिळावरून ओळखतो, मावसबहीण सुनंदा तिथला मळ पुसते आणि तीळ उजळून दिसतो. आमच्या वरोरा तालुक्याच्या कडेनं वर्धा नदी वाहते. तिच्याच काठी, वरच्या अंगाला अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे; रुक्मिणीचं आणि दमयंतीचं माहेर म्हणून इकडे ओळखलं जाणारं. त्यामुळे ही सगळी माणसं आजीला सोयऱ्याधायऱ्यांपैकीच वाटत.

पुढे महाभारताच्या वनपर्वातली मूळ कथा वाचली आणि आजीचा ओढा बरोबर होता हे पटलं. मावशी म्हणते, तुझी आई आणि मी दशार्णराजा सुदामाच्या मुली. ती तुझ्या वडिलांना, भीमराजाला दिली, मी वीरबाहूला. तू माझ्या वडिलांच्या घरी जन्मलीस तेव्हा मी तुला पाहिलं होतं. लेकीचं बाळंतपण माहेरी, ही रीत आजही आपल्याकडे आहेच. एवढ्याशा बोलण्यात आई, मावशी, आजोळ सगळं येतं. आमच्या घरच्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू; लेकीसुना कुठेच नाहीत.

कॉलेजात होमरचं 'ओडिसी' हाती आलं. भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई युरिक्लीया जुन्या जखमेच्या वणावरून त्याला ओळखते. मला सुदेव आणि तीळ आठवला. पण त्याहून मनात राहिलं ते वेगळंच. होमर या दाईचा बाप सांगतो, ओप्स. आजाही सांगतो, पैसेनोर. लाएर्तेसनं तिला वीस बैलांच्या मोलानं विकत आणलेली. मोल देऊन आणलेल्या बाईच्या दोन पिढ्या कवीनं जपल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं, आजही वाटतं.

तेव्हापासून मी पुराणकथांत राजांपेक्षा त्यांच्या अवतीभवतीच्या माणसांना शोधत आले. नळाची मुलं कुंडिनपुराला सुखरूप पोचवणारा सारथी वार्ष्णेय. ऋतुपर्ण राजाच्या पागेत, रात्री कुणासाठी झुरतोस, असं बाहुक नावानं राहणाऱ्या नळाला विचारणारा जीवल. आणि दमयंतीची दासी केशिनी.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गोंडांच्या घराण्यांच्या पिढ्या प्रधान हे त्यांचे भाट किंगरी या तंतुवाद्यावर गात आले. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशा गटांवरून कुणाची कुणाशी सोयरीक जुळते ते ठरतं. एका गटात लग्न होत नाही. तिथं वंशावळ रोजच्या जगण्यात कामाला येते. केशिनीचं कूळ मात्र कुणीच गायलेलं नाही. महाभारतात मला तिचा बाप सापडला नाही, आजा तर दूरच.

आणि काम तिनं केवढं केलं! ऋतुपर्णाचा सारथी म्हणून कुंडिनपुराला आलेल्या, बाहुक झालेल्या नळावर नजर तिनंच ठेवली. बुटकं दार त्याच्यापुढे उंच होतं, त्यानं नुसतं पाहिलं की रिकामे घडे भरतात, मूठभर गवत उन्हात धरलं की पेटतं, विस्तव हाताला पोळत नाही, चुरगाळलेली फुलं अधिकच टवटवीत होतात, हे सगळं पाहून येऊन तिनंच सांगितलं. त्यानं शिजवलेलं मांस तिनं आणलं आणि दमयंतीनं चवीवरून नवरा ओळखला. नळाच्या मुलांना, इंद्रसेन आणि त्याच्या बहिणीला, बापापुढे नेलं तीही केशिनीच. सुदेवाला भीमानं हजार गाई, गाव आणि धन दिलं. केशिनीला काही दिल्याचा उल्लेख नाही.

मुलांना कवटाळून नळ रडला आणि मग तिला म्हणाला, तू सारखी येतेस, लोक वाईट संशय घेतील, आम्ही परदेशचे पाहुणे, तू जा. केशिनी परत गेली, जे पाहिलं ते दमयंतीला सांगितलं आणि तिचा निरोप घेऊन तिच्या आईकडे निघाली.